रांगेतले डिस्नेलँड

परदेशी स्थायिक झालेल्या मुलांकडे उन्हाळ्यात जाणाऱ्या आपल्या समाजातील ज्येष्ठांची संख्या आता लक्षणीय झाली आहे. मुले कॅलिफोर्नियाच्या दक्षिण भागात असतील, तर प्रवासाच्या यादीत दोन ठिकाणे हमखास असतात. एक ब्यूएना पार्क येथील जैन मंदिर आणि दुसरे तेथून मोटारीने थोड्याच अंतरावर असलेले अ‍ॅनाहाइमचे डिस्नेलँड. पहिल्याविषयी स्वतंत्रपणे लिहावे लागेल. दुसऱ्याविषयी लिहिण्याचे कारण मात्र तेथील गंमत हे नाही. गंमत काय ती नातवंडे सांगतातच. तेथून परतलेल्या आजोबांना विचारावे, तर बहुधा एकच उत्तर मिळते, "सुंदर आहे, पण रांगा फार!" त्या रांगांविषयी चार गोष्टी सांगाव्यात, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

ही गर्दी त्या जागेच्या जन्माबरोबरच जन्मली. १७ जुलै १९५५ चा रविवार होता. संत्र्यांच्या बागा असलेल्या १६० एकर जमिनीवर, सुमारे एका वर्षात आणि अंदाजे १ कोटी ७० लाख डॉलर खर्चून वॉल्ट डिस्ने यांनी उभारलेले हे उद्यान त्या दिवशी केवळ निमंत्रितांसाठी उघडायचे होते. परंतु बनावट प्रवेशपत्रिका घेऊन हजारो लोक आत शिरले. उष्मा असा, की नुकतेच टाकलेले डांबर मऊ होऊन स्त्रियांच्या उंच टाचा त्यात रुतू लागल्या. नळकाम करणाऱ्या कामगारांचा संप झाल्यामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ आणि स्वच्छतागृहे यांपैकी एकच काय ते वेळेत पूर्ण होणार होते. डिस्ने यांनी स्वच्छतागृहे निवडली. खाद्यपदार्थ संपले. आणि हा सारा गोंधळ दूरचित्रवाणीवरून देशभर थेट दिसत होता! त्या कार्यक्रमाच्या तीन सूत्रसंचालकांपैकी एक होते रोनाल्ड रेगन. पुढे १९८१ मध्ये ते अमेरिकेचे अध्यक्ष झाले. डिस्नेच्या लोकांनी त्या दिवसाला 'काळा रविवार' असे नाव दिले. तथापि, व्यापारी वाचकांनी लक्षात घ्यावे, की पहिल्या दोनच महिन्यांत प्रेक्षकांचा आकडा दहा लाखांवर गेला.

बँकेत प्रकल्प अहवाल वाचण्यात आयुष्य गेल्यामुळे असेल, परंतु या कथेतील माझे आवडते पात्र मिकी माऊस नसून हॅरिसन प्राइस हे आहे. स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या या अर्थतज्ज्ञाकडे डिस्ने यांनी १९५३ साली एकच प्रश्न सोपविला : उद्यान कोठे उभारावे? प्राइस यांनी लॉस एंजेलिसची लोकसंख्या कोणत्या दिशेने सरकत आहे, हवामान कसे आहे, नवा महामार्ग कोठून जाणार आहे, हे सारे तपासले आणि बोट अ‍ॅनाहाइमवर ठेवले. कर्ज देणाऱ्याला असा अहवाल हाती पडावा, याहून अधिक काय हवे! पुढे या व्यवसायात प्रेक्षकसंख्येच्या अंदाजावरून जागेची आखणी करण्याची एक पद्धतच रूढ झाली. तिचे तत्त्व आपल्याला परिचित आहे. दिवाळीच्या आदल्या दिवशी दुकानात जेवढी गिऱ्हाइके येतात, तेवढ्यांसाठी कोणी वर्षभर गाळा आणि नोकर ठेवीत नाही. तसेच उद्यानाची क्षमता वर्षातील सर्वाधिक गर्दीच्या दिवसानुसार ठरवीत नाहीत; त्याहून काहीशा कमी गर्दीचा दिवस गृहीत धरतात. म्हणजेच नाताळ ते नववर्ष या आठवड्यात येणाऱ्यांचे हाल होणार, हे नकाशा काढतानाच मान्य केलेले असते. ज्याला हे ठाऊक आहे, त्याने त्या आठवड्यात तेथे जाऊन व्यवस्थेला बोल लावू नये.

आकड्यांत सांगायचे, तर २०१९ साली या एकट्या उद्यानात सुमारे १ कोटी ८६ लाख लोक आले, असा या उद्योगाच्या संघटनेचा अंदाज आहे. सरासरी दिवसाला ५१ हजार. एखाद्या मध्यम तालुक्याच्या गावाने रोज सकाळी कुलूप लावून सहकुटुंब एका बागेत यावे आणि रात्री परतावे, असाच हा प्रकार आहे.

आम्ही गेलो ते जूनच्या अखेरीस, एका मंगळवारी. चिरंजीव, सूनबाई, दहा वर्षांची नात, पाच वर्षांचा नातू, सौ. आणि मी. निघण्यापूर्वी घरी दोन कामे करून ठेवली होती. पहिले, नातवाची उंची मोजली. ही सूचना क्षुल्लक वाटेल. परंतु तेथे प्रत्येक वेगवान राइडला किमान उंचीची अट असते. स्पेस माउंटनला ४० इंच, मॅटरहॉर्नला ४२, इंडियाना जोन्सला ४६. पाऊण तास रांगेत उभे राहिल्यावर पट्टीपाशी अडविलेली मुले आणि त्यांची समजूत काढणारे बाप आम्ही पाहिले. आमचा नातू ४३ इंच भरला होता. त्यामुळे काय मिळणार आणि काय नाही, हे त्याने घरीच रडून घेतले होते. दुसरे काम म्हणजे सर्वांनी सर्वत्र एकत्र फिरायचे नाही, हा ठराव. आपल्या कुटुंबांना हे जड जाते. पंधरा-वीसजणांचा घोळका एकत्र निघतो, एकाला तहान लागते, दुसऱ्याला टोपी घ्यायची असते, आणि बाकीचे अठराजण उन्हात उभे. दोन-तीनजणांच्या तुकड्या कराव्यात, भेटण्याची जागा आणि वेळ ठरवावी, आणि लहान मुलाच्या मनगटावर पालकाचा दूरध्वनी क्रमांक लिहून ठेवावा.

आता रांगेच्या गणिताकडे वळू. रांग लांब दिसली, की राइड उत्तम असणार, असा आपला समज होतो. हे अर्धसत्य आहे. रांगेची लांबी राइडच्या गुणवत्तेइतकीच तिच्या वाहकक्षमतेवर अवलंबून असते. 'हाँटेड मॅन्शन' ही १९६९ पासूनची भुताटकीची हवेली पाहा. तेथे गाड्यांची साखळी अखंड फिरत असते. माणसे सरकत्या पट्ट्यावरून चालत चालत गाडीत बसतात आणि साखळी थांबतच नाही. तासाला दोन हजारांहून अधिक माणसे ती गिळते. त्यामुळे बाहेरची रांग भयावह दिसली, तरी ती झपाट्याने पुढे सरकते. याउलट 'पीटर पॅन'ची चिमुकली उडती जहाजे. एका जहाजात दोन किंवा तीन माणसे. राइड जुनी, जेमतेम काही मिनिटांची. पण रांग दिवसभर हटत नाही. डम्बो नावाच्या उडत्या हत्तींचेही तेच. म्हणून पहाटेच्या प्रहरी, गर्दी आत येण्यापूर्वी, कमी क्षमतेच्या राइड उरकाव्यात आणि माणसे गिळणाऱ्या मोठ्या राइड दुपारसाठी राखून ठेवाव्यात. बहुसंख्य लोक नेमके याच्या उलट करतात.

जॉन लिटल नावाच्या प्राध्यापकांनी १९६१ साली रांगेचा एक साधा नियम गणिताने सिद्ध केला. पुढे असलेल्या माणसांची संख्या भागिले दर मिनिटाला आत जाणारी माणसे, म्हणजे आपली प्रतीक्षा. पुढे सहाशे माणसे आणि मिनिटाला वीस आत जात असतील, तर अर्धा तास. मी आणि नात हा हिशेब प्रत्येक रांगेत करीत असू. तिने माणसे मोजायची, मी घड्याळ पाहायचे. प्रवेशाशी लिहिलेली वेळ आणि आमची वेळ यांत बहुतेकदा आमची कमी निघे, आणि त्याचा तिला झालेला आनंद राइडच्या आनंदाहून कमी नव्हता. रिकामा वेळ भरलेल्या वेळेपेक्षा लांब वाटतो, हे डेव्हिड मेस्टर या अभ्यासकाने १९८५ साली आपल्या निबंधात मांडले. परंतु त्यापूर्वीच ते डिस्नेच्या कारागिरांना उमगलेले दिसते. तेथील रांगा नागमोडी असतात, गुहांतून, देवळांच्या पडक्या दालनांतून, बोटींच्या धक्क्यांवरून वळत जातात. शेवट दृष्टीस पडत नाही, आणि प्रत्येक वळणावर पाहण्यासारखे काही ना काही ठेवलेले असते.

प्रवेशद्वार एकच ठेवायचे, हा वॉल्ट डिस्ने यांचा आग्रह होता. तेथून मेन स्ट्रीटने सरळ चालत गेले, की मधोमध एक वर्तुळाकार चौक लागतो आणि चाकाच्या आऱ्यांसारख्या वाटा तेथून वेगवेगळ्या विभागांत फुटतात. समोर राजवाडा. तो प्रत्यक्षात अवघा ७७ फूट उंच आहे, पण वरच्या मजल्यांचे प्रमाण लहान ठेवल्यामुळे बराच उंच भासतो. दरवाजा उघडल्यावर पहिल्या तासात बहुतेकजण राजवाड्याच्या ओढीने सरळ पुढे जातात किंवा नव्या, प्रसिद्ध विभागाकडे धावतात. आम्ही दरवाजा उघडण्याच्या पाऊण तास आधी तेथे पोहोचलो होतो. शत्रुंजयाच्या यात्रेला जाणाऱ्यांना पहाटे निघण्याचे महत्त्व सांगावे लागत नाही; उन्हे चढण्यापूर्वी जेवढे अंतर कापले जाते, तेवढे नंतर दुप्पट वेळातही होत नाही. पहिल्या दीड तासात आमच्या चार राइड झाल्या. त्यानंतरच्या चार तासांत तीन.

गर्दीला आवर घालण्याचा दुसरा उपाय म्हणजे भाव. प्रारंभी प्रवेशाचे तिकीट वेगळे आणि राइडचे वेगळे असे. तिकिटांची पुस्तिका मिळे. ए, बी, सी असे वर्ग असत, आणि १९५९ मध्ये सर्वात उत्तम राइडसाठी 'ई' वर्ग आला. १९८२ साली ही पद्धत गेली आणि एकाच तिकिटात सर्व काही सुरू झाले. एकदा आत शिरल्यावर प्रत्येक राइड फुकटच वाटू लागल्यावर रांगा लांबणारच, हे वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. २०१६ पासून दिवसागणिक वेगळे दर आले. मोजक्या कमी गर्दीच्या दिवसांचा दर १०४ डॉलर, तर सर्वाधिक मागणीच्या दिवसाचा दर २०२४ च्या ऑक्टोबरात २०६ डॉलरवर गेला. एकाच मालाचे दोन भाव, आणि त्यात जवळजवळ दुपटीचा फरक! तेव्हा सुट्टीची तारीख ठरविताना दरपत्रक समोर ठेवावे. जो दिवस स्वस्त, तो बहुधा मोकळाही असतो. हा बाजार गिऱ्हाइकाला आपणहून खूण सांगतो. शिवाय महामारीनंतर, २०२१ मध्ये उद्यान पुन्हा उघडल्यापासून, तिकिटाबरोबर दिवसाचे आरक्षणही सक्तीचे झाले. ते न करता केवळ तिकीट घेऊन जाऊ नये.

तिसरा उपाय आहे जलद रांगेचा, आणि आमच्या घरात वाद झाला तो येथेच.

१९९९ साली तेथे 'फास्टपास' आला. यंत्रातून एक चिठ्ठी मिळे. तीवर छापलेल्या वेळी परत यावे आणि वेगळ्या, छोट्या रांगेतून आत जावे. ती सर्वांना विनामूल्य होती. आता त्या जागी दूरध्वनीवरून घ्यावयाची 'लाइटनिंग लेन' आहे आणि तिला पैसे पडतात. सर्वात वरच्या प्रकारचा पास घ्यायचा, तर माणशी काही शे डॉलर. साधा प्रकार घ्यावा, असे चिरंजीवांचे मत होते. "बाबा, तुम्ही चौदा हजार किलोमीटरवरून आलात. पुन्हा कधी याल? दोन तास वाचत असतील, तर ते विकत का घेऊ नयेत?" सूनबाईंचे म्हणणे होते, की मुलांना थांबायची सवय अशीच मोडते. अखेर तडजोड झाली. त्या चौघांचे पास घेतले, सौ. आणि मी साध्या रांगेत. पण दुपारी नात हट्टाने माझ्याबरोबर साध्या रांगेत आली, आणि शेजारच्या रांगेतून हसत-खिदळत पुढे जाणारे लोक पाहून तिने विचारले, "आजोबा, आपण त्यांच्या आधी आलो होतो ना?"

मी तिला गणित सांगितले. गाडीत जागा तेवढ्याच असतात. शंभरांतील साठ जागा पैसे भरणाऱ्यांना दिल्या, तर बाकीच्यांना चाळीस उरतात. म्हणजे त्या रांगेचा वेळ अडीचपट होतो. जलद रांग नव्या जागा निर्माण करीत नाही, इकडच्या जागा तिकडे देते. तिला हे समजले. पण तिने विचारलेला प्रश्न हा नव्हता.

मला आठवली ती आमच्या शाखेतील महिन्याची पहिली तारीख. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांची रांग पायऱ्यांपर्यंत येई, आणि मोठ्या खातेदारांचे दिवाणजी बाजूच्या दाराने आत येऊन काम उरकीत. टोकन पद्धत सुरू झाली, तेव्हा कुरकूर झाली ती रांगेतल्यांची नव्हे, दाराने येणाऱ्यांची. त्या आठवड्यात बाजारपेठेतील एक आडत व्यापारी, ज्यांच्या खात्यावर शाखेची निम्मी उलाढाल चाले, स्वतः आले. शिपायाने लगबगीने दार उघडले. त्यांनी हातानेच नको म्हटले, टोकन घेतले आणि बाकावर दोन निवृत्त शिक्षकांच्या मधे बसले. सत्तेचाळीस क्रमांक होता. पाऊण तास बसले, शिक्षकांशी पावसाच्या गोष्टी केल्या, काम झाल्यावर निघून गेले. त्यानंतर बाजूच्या दाराचा विषय कोणी काढला नाही.

ही गोष्ट मी नातीला सांगितली. ती म्हणाली, "पण त्यांना घाई नव्हती का?" होती, नक्कीच होती. ऐन हंगामाचे दिवस होते. माझे मत विचाराल, तर कंपनीने आपल्या जागेत काय विकावे, हा तिचा अधिकार आहे आणि ज्याला परवडते त्याने घेण्यात पाप नाही; परंतु विनामूल्य चिठ्ठीच्या काळात श्रीमंत-गरीब एकाच यंत्रापुढे उभे राहत, त्यात जी शोभा होती ती आता नाही. चिरंजीवांना हे मत पटलेले नाही, हेही येथे नोंदवितो.

पैसे न लागणाऱ्या दोन सोयी मात्र अवश्य लक्षात ठेवाव्यात. काही राइडना एकट्याने बसणाऱ्यांची वेगळी रांग असते. रिकामी राहिलेली जागा भरण्यासाठी त्यांना मधूनच घेतात. मॅटरहॉर्नला चिरंजीव असेच गेले. दुसरी सोय लहान मुलांच्या पालकांची. एकाने मुलापाशी थांबावे, दुसऱ्याने जाऊन यावे; मग थांबलेल्याला पुन्हा सारी रांग लावावी लागत नाही. कर्मचाऱ्याला आधी विचारावे लागते, एवढेच.

सौं.च्या गुडघ्यांचा प्रश्न होता. प्रवेशाजवळ चाकाची खुर्ची भाड्याने मिळते. सकाळी ती घेण्यास त्यांनी साफ नकार दिला. "मला काय झालंय? लोक काय म्हणतील?" बारा वाजता, सुमारे सात हजार पावले झाल्यावर, त्या स्वतःच म्हणाल्या, "कुठे मिळते ती?" खुर्ची म्हणजे रांग चुकविण्याचा परवाना नव्हे, अनेक ठिकाणी खुर्चीसकट त्याच रांगेतून जावे लागते. पण उभे राहण्याचा त्रास वाचतो, आणि परदेशात लोक काही म्हणत नाहीत, हे त्यांना तासाभरात कळले. ज्येष्ठांसाठी मी आणखी एक आसरा सुचवीन : उद्यानाभोवती फिरणारी वाफेच्या इंजिनाची आगगाडी. चार स्थानके आहेत, एका फेरीस वीसेक मिनिटे लागतात, आणि उतरण्याची सक्ती नाही. आम्ही दोघांनी दोन फेऱ्या केल्या. बाहेर हजारो माणसे दाटलेली असताना सावलीत बसून, वारा घेत ती पाहत जाणे, हा गर्दीचा आनंद घेण्याचा उत्तम मार्ग आहे. टॉम सॉयरच्या बेटावर तराफ्याने जाता येते. तेथेही गर्दी विरळ असते.

भोजनाविषयी. बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेऊ देतात, फक्त काचेची भांडी नकोत. साधे पिण्याचे पाणी खाद्यपदार्थांच्या खिडकीवर मागितल्यास विनामूल्य मिळते. प्रवेशद्वाराबाहेर बाकांची एक मोकळी जागा आहे; दुपारी एक ते तीन या सर्वाधिक गर्दीच्या वेळी आम्ही बाहेर येऊन तेथे डबे उघडले. ठेपले, कोरडी मुगाची भाजी, खाकरे. आत त्या वेळी खाद्यगृहांच्या रांगा राइडच्या रांगांशी स्पर्धा करीत होत्या. चौविहार पाळणाऱ्यांनी ऋतूचा विचार करावा. जूनअखेर तेथे सूर्यास्त आठनंतर होतो, त्यामुळे सायंकाळी सात वाजता बाहेर येऊन निवांत जेवता आले. डिसेंबरात सूर्य पावणेपाचच्या सुमारास मावळतो. गर्दी सर्वाधिक आणि दिवस सर्वात लहान. त्या दिवसांत जाणाऱ्यांनी चार वाजताच द्वाराकडे वळावे, कारण मेन स्ट्रीटवरून बाहेर पडायलाच वेळ लागतो.

एक प्रसंग मात्र गर्दीच्या अंदाजाचा फजिता म्हणून सांगण्यासारखा आहे. ३१ मे २०१९ रोजी तेथे 'स्टार वॉर्स' चित्रपटांवर आधारलेला चौदा एकरांचा नवा विभाग उघडला. प्रलय येणार, असे गृहीत धरून त्याआधीच वाटा रुंद केल्या, मोठ्या बाबागाड्यांवर बंदी घातली, पहिले काही आठवडे आरक्षणाशिवाय त्या विभागात प्रवेश ठेवला नाही. आणि झाले काय? गर्दीच्या भीतीने लोक आलेच नाहीत! त्या उन्हाळ्यात तेथील रांगा अपेक्षेहून कितीतरी आखूड होत्या. लोक गर्दीच्या धास्तीने थांबून राहिले, आसपासच्या हॉटेलांनीही भाव चढविले, अशी कारणे कंपनीनेच नंतर दिली. तेजीच्या अफवेने गिऱ्हाईक बाजारातून पळते, हे आपल्या पेढ्यांवरील कोणीही सांगितले असते.

रात्री आतषबाजी असते आणि ती संपताच सारे गाव एका दरवाजातून बाहेर पडू पाहते. आम्ही ती आत पाहिली नाही. जेवण झाल्यावर खुर्ची परत केली, मोटारतळाकडे जाणाऱ्या गाडीत सहज जागा मिळाली. दहा हजारांहून अधिक मोटारी मावणाऱ्या त्या बहुमजली तळाच्या सर्वात वरच्या मजल्यावर स्थानिक कुटुंबे आधीच कठड्याशी उभी होती. आम्हीही उभे राहिलो. साडेनऊच्या सुमारास दूरवर राजवाड्याच्या दिशेने आकाश उजळू लागले, आवाज क्षणभर मागून येत होता. नातू मागच्या आसनावर केव्हाच झोपी गेला होता. उठवू का, असे चिरंजीवांनी विचारले, आणि सौं.नी मानेनेच नको म्हटले. नात मात्र बोटांवर काहीतरी मोजीत होती. उजेड आणि आवाज यांतल्या सेकंदांवरून राजवाडा किती लांब आहे, ते तिला काढायचे होते.